जतन झालं

३ जून
आजपासून रोजनिशी. ऑफिसात, घरी, फोनवर माणसाला काही ना काही सावरून बोलावं लागतं. निदान इथे तरी खरं लिहावं, हा हेतू.

टेस्टर बाईंनी आल्या आल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक काढली. आमचं सॉफ्टवेअर आवाज साठवण्याचं. आजारामुळे ज्यांचा आवाज जाणार आहे त्यांनी क्लिनिकमध्ये येऊन आधीच शेकडो वाक्यं बोलून ठेवायची. पुढे ते टाइप करतात आणि मशीन त्यांच्याच आवाजात बोलतं. फार पुण्याचं काम आहे, असं मी लग्नसमारंभात सांगतो. तर बाईंचं म्हणणं, डिस्क पूर्ण भरली असली तरी रेकॉर्डिंग संपल्यावर हिरवी खूण येते आणि खाली ‘जतन झालं’ असं दिसतं. फाइल मात्र रिकामी.

मी शांतपणे विचारलं, डिस्क भरेपर्यंत वापरणारा काय करत होता? त्या म्हणाल्या, तुमच्या हिरव्या खुणेवर विसंबून बसला होता.

अशा बोलण्याने ऑफिसचं वातावरण बिघडतं. तरी मोठ्या मनाने चूक मान्य केली. दोन ओळींचं काम आहे. उद्या.

६ जून
केलं. एकच ओळ लागली. सी भाषेत फाइलमध्ये मजकूर टाकायला एफराइट वापरतात. त्याने किती टाकलं ते मोजायचं, कमी भरलं तर लाल खूण. बाईंकडे पाठवून चहाला गेलो. परत येतो तर उत्तर हजर: डिस्क भरलेली, खूण हिरवी, फाइल रिकामी.

कारण मला तत्काळ कळलं. एफराइट थेट डिस्कवर लिहीत नाही. मध्ये बफर असतो, म्हणजे टोपली म्हणा. एफराइट टोपलीत टाकतो आणि ‘टाकलं’ म्हणून मोकळा होतो. टोपली डिस्कवर रिकामी होते ती फाइल बंद करताना, एफक्लोजच्या वेळी. वेग वाढावा म्हणून ती टोपली मीच मागे भलीमोठी करून ठेवली होती. त्याबद्दल साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती.

बाई म्हणाल्या, मग एफक्लोज काय उत्तर देतो ते बघा की. मी म्हणालो, ते इतकं सोपं नाही.

ते तितकंच सोपं आहे. पण त्या सुरात सांगितलेलं काम माझ्याच्याने होत नाही.

१० जून
विचारान्ती ठरवलं: ठिगळ लावायचं नाही. मुळापासून करायचं. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल अशी संपूर्ण लायब्ररी लिहायची. फाइल लिहिण्यातली प्रत्येक चूक ती पकडेल. नाव: भरवसा. सगळा दिवस नाव शोधण्यात गेला, पण नाव जमलं की निम्मं काम होतं.

अडचण एकच. एफक्लोज फसला हे सगळीकडे कळतं, पण का फसला हे सगळीकडे कळेलच असं नाही. सी चं स्टँडर्ड त्याची हमी देत नाही. एका मशीनवर ‘जागा संपली’ असं नीट समजतं, दुसऱ्यावर नुसता भोपळा. कारण माहीत नसताना समोरच्याला सांगायचं तरी काय?

बाई म्हणाल्या, कारण नका सांगू, झालं नाही एवढं सांगा.

त्यांना व्यापक दृष्टी नाही.

१४ जून
सासऱ्यांच्या तपासणीचा निकाल आला. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

सासरे म्हणजे बसस्थानकावर आयुष्यभर गाड्यांची घोषणा केलेले गृहस्थ. रिटायर झाले तरी रस्त्यात लोक चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखतात. भाजी घेताना तोंड उघडलं की शेजारचा बॅग उचलून चालायला लागतो, असं ते स्वतःच सांगतात. बायको फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

मी तिच्यामागे जाऊन म्हणालो, काळजी करू नकोस, आवाज माझ्यावर सोड. आमचं सॉफ्टवेअर कशासाठी आहे?

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. फार बरं वाटलं. मग एफक्लोज आठवला. मग जेवलो.

१६ जून
सासऱ्यांना प्रत्यक्ष भेटून सगळं समजावलं. ते म्हणाले, जावईबापूंचा प्रोग्रॅम आहे? मग मी लिहूनच ठेवतो सगळं. आणि स्वतःच मोठ्याने हसले. त्यांच्या हसण्याने खोलीतला ग्लास वाजतो.

परतताना बायकोने विचारलं, आपण मोबाइलवरही वेगळं रेकॉर्ड करून ठेवायचं का? मी म्हणालो, क्लिनिकमध्ये असं बरं दिसत नाही, शिवाय तुझा माझ्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो. ती म्हणाली, तसं नाही रे. विषय संपला.

ठरवलं: उद्या सकाळी पहिलं काम, ती ओळ.

१७ जून
ओळ लिहायला बसलो. तेवढ्यात लक्षात आलं की एफक्लोज यशस्वी झाला तरी मजकूर खरोखर डिस्कवर पोचला असं म्हणता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम तो काही काळ आपल्याच खिशात ठेवते. खिसा झटकायला वेगळी आज्ञा लागते, ती स्टँडर्ड सी मध्ये नाही. या मशीनवर तिचं नाव वेगळं, त्या मशीनवर वेगळं. म्हणजे एफक्लोज तपासूनही शंभर टक्के खात्री नाहीच. मग अर्धवट काम करून सासऱ्यांना फसवायचं का?

ओळ पुसली. भरवसा पूर्ण करणं हाच प्रामाणिक मार्ग.

२० जून
रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. क्लिनिकची खोली लहान, भिंतींना राखाडी स्पंज, मध्ये एक खुर्ची, टेबलावर माइक. स्पीच थेरपिस्ट बाई मशीनवर. आम्ही दोघं काचेबाहेर.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घसा खवखवत असूनही एकेक छापील वाक्य असं म्हटलं की मला उगाच घड्याळात बघावंसं वाटलं. ‘आज हवा स्वच्छ आहे.’ ‘कृपया खिडकी लावा.’ प्रत्येक वाक्यानंतर हिरवी खूण. जतन झालं. जतन झालं. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ आवाज या खोलीत आजवर आला नाही. बायको म्हणाली, आणि हिरवी खूण याने केली आहे. मी मान खाली घातली. तिला वाटलं विनयाने.

छातीत काहीतरी टोचत होतं. ऍसिडिटी असावी. आंबट बंद करायचं.

२४ जून
भरवसाची चाचणी खऱ्या मशीनवर व्हायला हवी म्हणून ती क्लिनिकच्या मशीनवर टाकून आलो. थेरपिस्ट बाईंना म्हणालो, मागे चालू राहू दे, तुम्हाला कळणारही नाही. ती क्षणाक्षणाला डिस्कची तब्येत तपासते आणि जे दिसेल ते एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवते. फार सविस्तर लिहिते. सविस्तरपणा हा माझ्या कामाचा विशेष आहे.

साहेबांनी विचारलं, त्या डिस्क भरल्याच्या तक्रारीचं काय झालं? म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे. टेस्टर बाईंनी मॉनिटरवरून नजर काढली नाही, पण टायपिंग थांबवलं.

२८ जून
रेकॉर्डिंगचा शेवटचा दिवस. परवा ऑपरेशन.

छापील वाक्यं कालच संपली होती. थेरपिस्ट बाई सासऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही सगळं स्थानकावर बोलता तसं बोललात. आज घरी बोलता तसं बोला. जे मनात येईल ते, ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी. तोच खरा आवाज.

सासऱ्यांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. थेरपिस्ट बाईंनाही. काचेतून दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. आधी बराच वेळ माइककडे नुसतं बघत बसले. मग सुरू झाले. हातवारे करत होते. एकदा हसले. एकदा चष्मा काढून ठेवला आणि मग तसेच, चष्म्याशिवाय बोलत राहिले. बायकोने काचेला हात लावला होता, तो तिने काढला नाही.

बाहेर आले तेव्हा आवाज पार बसलेला. म्हणाले, झालं माझं, आता काय कापायचं ते कापा.

स्क्रीनवर हिरव्या खुणांची रांग. मी बायकोला आत बोलावून दाखवलं. म्हणालो, बघ. सगळं जतन झालं.

१ जुलै
ऑपरेशन काल नीट पार पडलं. सासऱ्यांनी हाताने खूण करून चहा मागितला. नर्सने हाताने खूण करून नाही म्हटलं.

४ जुलै
थेरपिस्ट बाईंचा फोन. आवाज तयार करायला घेतला. शेवटच्या दिवसाच्या सगळ्या फाइली शून्य लांबीच्या आहेत. डिस्क भरली आहे. कशाने भरली ते त्यांना समजत नाही, एक अवाढव्य लॉग फाइल दिसते आहे, तिचं नाव भरवसा.

मी म्हणालो, बघतो.

त्यांनी विचारलं, घरी तुम्ही सांगाल की मी सांगू? म्हणालो, मी घरचाच आहे, मी सांगतो.

५ जुलै
रजा काढून क्लिनिकमध्ये गेलो. फाइली परत मिळवायचे सगळे उपाय करून पाहिले. पुसलेली फाइल परत आणता येते. ही पुसलेली नव्हती. ही कधी लिहिलीच गेली नव्हती. माणूस बोलला, ते टोपलीत पडलं, टोपली ओतायला गेली तर जागा नाही. एफक्लोजने ते सांगितलंही असणार. त्या वेळी ऐकायला माझ्या प्रोग्रॅममध्ये कोणी नव्हतं.

आज बायकोला सांगणार होतो. पण ती दवाखान्यातून दमून आली होती. दमलेल्या माणसाला असं सांगणं बरोबर नाही.

७ जुलै
आज ती आनंदात होती. सासऱ्यांनी छोट्या व्हाइटबोर्डवर तिला पहिला निरोप लिहिला: उशी उंच हवी. आनंदात असलेल्या माणसाला असं सांगणं तर मुळीच बरोबर नाही.

दमलेली नाही, आनंदात नाही, अशी वेळ बघून सांगायचं.

११ जुलै
अशी वेळ येत नाही.

दवाखान्यात सासऱ्यांच्या पलंगाशी मीच जास्त वेळ बसतो. पाणी देतो, पाय चेपतो. सासूबाई गेल्यापासून त्यांची अशी सेवा कोणी केली नसेल. शेजारच्या पलंगावरच्या माणसाने बायकोला विचारलं, हे तुमचे सख्खे भाऊ का? बायको म्हणाली, नाही, नवरा. आणि माझ्याकडे थोडं जास्तच वेळ पाहिलं. कौतुक असावं.

१३ जुलै
सासरे आमच्याकडे राहायला आले. घरात आता एक माणूस आहे जो बोलू शकत नाही आणि एक आहे जो बोलू शकतो पण बोलत नाही. दुसऱ्याची प्रकृती जास्त वाईट आहे. भूक नाही.

बायकोने आज सहज विचारलं, बाबांच्या त्या शेवटच्या दिवसाचं कधी ऐकायला मिळेल? म्हणालो, प्रोसेसिंग चालू आहे. ती बरं म्हणाली. एवढंच. तिने आग्रह धरला असता तर मी सांगून टाकलं असतं. एका अर्थी तिचंही चुकतंच.

१५ जुलै
मार्ग सापडला. इतके दिवस सुचलं कसं नाही.

छापील वाक्यांच्या फाइली शाबूत आहेत. त्यांच्यापासून आवाज तयार झाला आहे. आता त्या आवाजात काहीही वदवून घेता येतं. शेवटच्या दिवशी सासरे बायकोशी जे बोलले असतील ते मी टाइप करायचं, मशीन बोलेल. खोटं नाही, पुनर्रचना म्हणता येईल. जुन्या इमारतींची करतात तशी.

१७ जुलै
मजकूर तयार. फार मन लावून लिहिला. ‘प्रिय कन्ये, तू माझ्या जीवनाचा प्रकाश आहेस.’ पुढे तिच्या लहानपणाबद्दल चार वाक्यं. शेवटी: ‘जावईबापू हे गुणी गृहस्थ आहेत. त्यांच्या हातून कधी काही चुकलं तर त्यांना समजून घे.’

हे शेवटचं वाक्य मी घातलं असं म्हणता येणार नाही. ओघात आलं. काढून बघितलं, तर शेवट लंगडा वाटायला लागला. परत घातलं.

१८ जुलै
ऐकवलं.

सासरे आत झोपले होते. स्वयंपाकघरात, आवाज बारीक करून. बायको ओट्याला टेकून उभी होती. शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही हलली नाही. मला वाटलं, पोचलं.

मग ती म्हणाली, बाबांनी मला जन्मात कन्ये म्हटलेलं नाही.

मी म्हणालो, माइकसमोर माणूस जरा औपचारिक होतो.

ती म्हणाली, फाइली रिकाम्या आहेत हे मला गेल्या आठवड्यापासून माहीत आहे. थेरपिस्ट बाईंना भेटले होते. त्यांना वाटलं तू सांगितलं असशील. बाबांनाही मी दवाखान्यातच सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे त्यांनी लिहिलं, थांब, जावईबापू स्वतः सांगतील. म्हणून थांबलो आम्ही दोघं. तू पाय चेपायला लागलास तेव्हा वाटलं, आता सांगेल. रोज वाटायचं.

मी म्हणालो, मी सांगणारच होतो, योग्य वेळेची वाट बघत होतो.

ती म्हणाली, फाइल गेली त्याचं मी सोसलं असतं. यंत्र आहे, चुकतं. हे जे आत्ता ऐकवलंस ते तू बसून लिहिलंस.

 

१९ जुलै
सकाळी सासऱ्यांसमोर जाऊन बसलो. सांगितलं. बफरपासून सुरुवात केली होती, पण त्यांनी हात वर केला. मग एवढंच म्हणालो, माझ्या हातून झालं, आधी सांगूनही मी दुरुस्त केलं नव्हतं, आणि तुमचं बोलणं गेलं.

त्यांनी बोर्डवर लिहिलं: ते ऐकवा.

मला वाटलं, ऐकण्यासारखं काही उरलंच नाही हे त्यांना समजलं नाही. तर बायको दारातून म्हणाली, तू लिहिलेलं ऐकायचं आहे त्यांना.

ऐकवावं लागलं. सगळं. स्वतःच्या आवाजात ‘जावईबापू हे गुणी गृहस्थ आहेत’ हे ऐकताना त्यांचे खांदे हलायला लागले. घाबरून पाणी आणायला उठलो. ते हसत होते. आवाज नसलेलं हसणं, गळ्यावर एक हात दाबून धरलेला, डोळ्यांतून पाणी. टेबलावरचा ग्लास जागच्या जागी होता.

मग लिहिलं: आवाज हुबेहूब. मजकूर खोटा.

पुसून पुन्हा लिहिलं: गुणी वगैरे काही नाही. बसा, चहा घ्या.

२२ जुलै
ऑफिस. एफक्लोजचं उत्तर तपासलं. नकार आला तर लाल खूण, खाली: ‘जतन झालं नाही.’ कारण लिहिलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आत झालं, त्यातही थोडा वेळ मी खिडकीतून बाहेर बघत होतो. कुठल्याही मशीनवर चालेल.

टेस्टर बाईंना सगळं सांगितलं. सासरे माझेच, हेही. वाटलं होतं काहीतरी ऐकवतील. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, बाकीची क्लिनिकं?

बाकीच्या क्लिनिकांचा मी विचारच केला नव्हता.

दुपारभर एकेका क्लिनिकला फोन करत बसलो. तुमच्या फाइली उघडून बघा, खुणेवर जाऊ नका. बहुतेकांचं ठीक निघालं. एके ठिकाणची बाई म्हणाली, थांबा हं, बघते. बराच वेळ नुसती की-बोर्डची टकटक. मग म्हणाली, मी तुम्हाला नंतर फोन करते. तिचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. उद्या करेन. हे वाचून मलाच माझा विश्वास वाटला नाही, म्हणून पेन ठेवून आत्ताच केला. तिथे तिघांच्या फाइली रिकाम्या. दोघांना परत बोलावता येईल, असं म्हणाली.

तिसऱ्याबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

३ ऑगस्ट
सासऱ्यांचं बोलतं मशीन घरी आलं. टाइप केलं की त्यांच्या आवाजात बोलतं. स्वच्छ, खणखणीत आवाज आहे. मात्र सगळं स्थानकावरच्यासारखं येतं. जेवताना म्हणालं, ‘मीठ कमी आहे.’ आम्ही दोघंही नकळत ताठ बसलो. घरातला आवाज त्या शेवटच्या दिवसात होता.

त्या दिवशी ते काय बोलले ते त्यांनी बायकोला लिहून दाखवलं म्हणे. थोडं आठवलं तेवढं. मला दाखवलं नाही. मी मागितलंही नाही.

संध्याकाळी मी हॉलमध्ये होतो. सासरे मशीनपाशी बसून काहीतरी पुन्हा पुन्हा टाइप करत होते. बायकोला ते लहानपणापासून ठकू म्हणतात. हाक मारताना त्या ‘कू’चं ते काय करायचे ते मला लिहिता येणार नाही. खालून वर जायचा, मध्ये कुठेतरी हसायचा. मशीन म्हणालं, ‘ठकू.’ पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तसं. त्यांनी दीर्घ करून पाहिलं. मशीन म्हणालं, ‘ठकूउऊ.’ मग मध्ये जागा सोडून: ‘ठ. कू.’ मग नुसतंच परत: ‘ठकू.’

मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत यात सुधारणा करता येईल.

ते थांबले. बोटं की-बोर्डवरच होती.

आतून बायको म्हणाली, आले बाबा. आणि हात पुसत बाहेर आली.